पेठेच्या संघाने कोणत्या पायरीकडे पाहावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना संपला की गॅलरीच्या पायऱ्या उतरतानाच आम्हा प्रेक्षकांचा दुसरा सामना सुरू होतो आणि तो चहाच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत चालतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. या हंगामात त्या दुसऱ्या सामन्याचा विषय एकच आहे. आमच्या पेठेतील विशीतली मुले विचारतात, "काका, मिझोरामच्या आयझॉलवाल्यांनी देशाची आय-लीग जिंकून दाखवली, मग आपण ती का खेळायची नाही?" आणि माझ्या वयाचे लोक उत्तर देतात, "आधी सुपर आठात टिकून दाखवा, मग आय-लीगचं बोला." दोन्ही बाजूंचा आवाज चढतो, कोणीतरी कोणाच्या तरी तालमीचे जुने पराभव उकरून काढतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे. माझ्या संघाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले, तर पत्र वाचण्याआधीच निम्मे वाचक माझ्या बाजूचे आणि निम्मे विरुद्ध होतील. एवढेच सांगतो, की आमच्या लीगमधल्या सोळा संघांपैकी आमचा संघ काही वर्षे वरच्या आठांत, म्हणजे सुपर आठात, तर काही वर्षे खालच्या आठांत असतो. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल अशा संघांना एखाद्या संध्याकाळी चकवण्याची ताकद त्याच्यात आहे. पण त्यांच्या बरोबरीने अख्खा हंगाम काढण्याची नाही.

आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत, हेच वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते, असे माझ्या ध्यानात आले आहे. देशात सर्वांत वर इंडियन सुपर लीग आहे. तिच्याखाली आय-लीग, जिचे नाव आता बदलले असले तरी गॅलरीत ती आय-लीगच राहिली आहे. त्याखाली आय-लीग २ आणि त्याखाली २०२३-२४ च्या हंगामापासून सुरू झालेली आय-लीग ३. त्याच्याही खाली राज्यांच्या लीग येतात आणि आपल्याकडे तो कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे 'विफा' पाहते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे 'केएसए'ची, आपली वरिष्ठ गटाची लीग ही जिल्ह्याच्या पातळीवरची स्पर्धा आहे. बोटांवर मोजले, तर ती सहावी पायरी भरते. आय-लीग ३ मध्येही कोणी फॉर्म भरून थेट जात नाही. राज्य संघटनेकडून नाव जावे लागते आणि ते जाण्यासाठी आधी राज्य पातळीवर काही करून दाखवावे लागते. म्हणजे "यंदा चषक मारला, पुढच्या वर्षी आय-लीग" हे जे बोलले जाते, त्यात मधल्या तीन पायऱ्या गिळलेल्या असतात.

सहावी पायरी म्हटले, की आमच्या मुलांना राग येतो. त्यांचा राग मला समजतो, कारण एखाद्या उपांत्य सामन्याला शाहू स्टेडियमवर जेवढी माणसे बसतात, तेवढी माणसे वरच्या लीगमधल्या कित्येक सामन्यांना नसतात. पेठांतील दुकानांची शटर लवकर खाली येतात, घरातील म्हाताऱ्यासुद्धा निकाल विचारतात आणि विश्वचषक आला, की ब्राझील-अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी गल्ल्या झाकल्या जातात. एवढे प्रेम असलेल्या गावाचा फुटबॉल सहाव्या पायरीवर कसा, असे त्यांना वाटते. परंतु गर्दी ही गावाची श्रीमंती आहे, संघाची पातळी नव्हे. संघाची पातळी ठरते ती शनिवार ते शनिवार या सहा दिवसांत काय होते, त्यावरून. सराव कोण घेतो, किती जण येतात, दुखापत झालेल्या पोराचा गुडघा कोणाला दाखवला जातो, गोलरक्षकाला स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, हे प्रश्न विचारून पाहावेत. आमच्या संघापुरते उत्तर द्यायचे, तर सराव संध्याकाळी असतो, नोकरीवाली मुले उशिरा येतात आणि गुडघा आधी हाडवैद्याला दाखवला जातो.

आता आयझॉलविषयी. मुलांनी हे उदाहरण काढले याचे मला कौतुक वाटते, कारण ते खरोखरच विलक्षण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आयझॉल शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती आणि कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या जवळपास निम्म्या शहरातला संघ २०१६-१७ मध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू यांना मागे टाकून आय-लीगचा विजेता झाला. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील हे मुंबईत अनेक वर्षे काम केलेले. पुढे २०२५ मध्ये तेच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. आदल्या हंगामात हा आयझॉल संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि गोव्याचे मोठे संघ बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, ही गोष्ट मात्र आमच्या चहाच्या गाड्यावर सांगितली जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मिझोरामने २०१२ मध्येच स्वतःची प्रीमियर लीग उभी केली, तिचे सामने स्थानिक दूरचित्रवाणीवर दाखवले आणि २०१४ मध्ये संतोष करंडक जिंकला. आयझॉलचे विजेतेपद हे त्या राज्याने आधी रचलेल्या पायावरचा कळस होता. आणि कळस झाल्यावर काय झाले? प्रशिक्षक आणि प्रमुख खेळाडू अधिक पैसा असलेल्या संघांनी नेले आणि त्या संघाला ती उंची पुन्हा गाठता आलेली नाही. मला यात आयझॉलचा कमीपणा दिसत नाही. तो संघ टिकून आहे, गावच्या मुलांना खेळवतो आहे, हेच मला विजेतेपदाइतके मोठे वाटते. पण उदाहरण द्यायचे, तर ते पुरते द्यावे.

आयझॉल फार लांब आहे. पुणे आपल्यापासून चार-पाच तासांवर आहे. २०१४-१५ च्या हंगामात पुण्यात पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन संघ आय-लीगमध्ये आणि एफसी पुणे सिटी हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये खेळत होता. पुणे एफसी तर २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता आणि त्याच्या अकादमीत आपल्याकडची मुलेही जात. भारत एफसी एका हंगामात आटोपला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघही त्याच वर्षी आय-लीगमधून बाहेर पडला. मग डीएसके शिवाजीयन्सला थेट प्रवेश मिळाला. तो संघ दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये संपला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच वर्षांत चार संघ! मुंबईची गोष्ट वेगळी नाही. २००५-०६ मध्ये आय-लीगपूर्वीची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी दहा वर्षांनी. या संघांचे व्यवस्थापन वाईट होते, असे मी म्हणत नाही, कारण त्यातल्या काहींचे काम उत्तम होते. पण त्यांच्यामागे उद्योगसमूह उभे असतानाही ते टिकले नाहीत. आमच्या संघामागे गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे, दोन दुकानदार आणि निवडणूक जवळ आली की आठवण ठेवणारे एक नेते उभे आहेत.

बेंगळुरूच्या एका संघाचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. एससी बेंगळुरू हा संघ २०२३-२४ मध्ये आय-लीग ३ जिंकून आय-लीग २ मध्ये गेला, तिथेही जिंकला आणि थेट आय-लीगमध्ये पोहोचला. असा चढ कोणाच्याही डोळ्यांत भरावा. पुढच्याच हंगामात तो तळाच्या संघांत राहून खाली आला. उलट गोव्याचा धेंपो पाहा. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला हा संघ २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्याबरोबर आय-लीगमधून बाहेर पडला, कारण त्या वेळच्या आराखड्यात आपल्याला भवितव्य नाही, असे त्यांना दिसले. धेंपो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि काही वर्षांनी आय-लीग २ मधून वर चढून २०२४-२५ मध्ये आय-लीगला परतला. एवढे नाव असलेल्या संघाने स्वतःहून खालची पायरी पत्करली आणि त्यात त्याची अब्रू गेली नाही, हे आमच्या पेठेतल्या मानी मंडळींनी ध्यानात घ्यावे. शिवाय वरची पायरी म्हणजे पक्की जमीन, असेही आता राहिलेले नाही. २०२५ मध्ये सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचे काही ठरले नव्हते. देशातील सर्वोत्तम खेळाडू पगाराची वाट पाहत बसले असताना आपण त्या माडीकडे पाहून उसासे टाकावेत, हे मला विचित्र वाटले.

मग आकांक्षा ठेवूच नये का, असा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. माझ्या पिढीचे "आपली पायरी ओळखून राहा" हे उत्तर मला मुळीच पटत नाही. त्यात शहाणपणापेक्षा आळस जास्त आहे. वरची पायरी चढायची नाही एवढे ठरवून टाकले, की सराव कसाही झाला तरी चालतो, हिशेब कोणी विचारत नाही आणि सगळा जोर समोरच्या पेठेला हरवण्यावर लागतो. ही ईर्षा आपल्या फुटबॉलचा प्राण आहे, हे मान्य. तीच त्याची बेडीही आहे. समोरच्या तालमीने नायजेरियाचा एक आघाडीपटू आणला, की आम्हालाही हवा. त्यांनी गोव्याचा बचावपटू घेतला, की आम्ही मुंबईचा शोधतो. मी परदेशी खेळाडूंच्या विरोधात नाही. ही मुले घरदार सोडून इथे येतात, आपल्या उन्हात खेळतात, आणि त्यांच्याकडून आमच्या पोरांनी चेंडू अंगाने झाकून धरायला शिकले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आक्षेप आहे तो खर्चाच्या क्रमाला. आमच्या मंडळाच्या एका बैठकीत मी विचारले होते, की तीन महिन्यांसाठी बाहेरून आणलेल्या दोन खेळाडूंवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी वर्षभर प्रशिक्षक ठेवता आला असता की नाही. कोणीच नाही म्हणाले नाही. पण पुढच्या हंगामात पुन्हा दोन खेळाडूच आले.

कोल्हापूरचा फुटबॉल वर गेलाच नाही, असे नाही. तो संघांच्या रूपाने गेला नाही, मुलांच्या रूपाने गेला. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि पुढे सुपर लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून दिसला. निखिल कदमने मोहन बागानची जर्सी घातली. या मुलांना पहिला चेंडू दिला तो आपल्याच मैदानांनी. पण वयाच्या ज्या टप्प्यावर खेळाडू खऱ्या अर्थाने घडतो, त्या टप्प्यावर त्यांना गाव सोडावे लागले. बारा-तेरा ते सोळा या वयात त्यांना धरून ठेवील आणि शास्त्रशुद्ध शिकवील अशी व्यवस्था आपल्या सोळा वरिष्ठ संघांपैकी किती जणांकडे आहे, हे ज्याने त्याने आपापल्या तालमीत जाऊन मोजावे.

इथे एक व्यवहाराची गोष्टही सांगतो, कारण आमच्या कार्यकर्त्यांना भावनेपेक्षा व्यवहार लवकर पटतो. खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा त्याला लहानपणी घडवणाऱ्या संस्थांना मोबदला मिळावा, ही तरतूद फुटबॉलच्या नियमांत आहे आणि फिफा त्यासाठी बाराव्या वर्षापासूनचा काळ धरते. मात्र त्यासाठी तो मुलगा त्या वयात तुमच्या संस्थेकडे रीतसर, ऑनलाइन नोंदलेला असावा लागतो. आमच्याकडे वरिष्ठ संघाच्या नोंदणीसाठी रात्रभर धावपळ होते, दुसऱ्या तालमीचा खेळाडू फोडल्याच्या बातम्या गल्लीभर होतात आणि मैदानाच्या कडेला बसून चेंडू आणून देणाऱ्या बारा वर्षांच्या पोराचे नाव कुठल्याच कागदावर नसते. उद्या तो मोठा झाला, तर आम्ही चौकात त्याचा फलक लावू. त्यापलीकडे आमच्या हाती काही असणार नाही.

दुसरी एक सूचना वारंवार ऐकू येते, की सर्व पेठांनी मिळून कोल्हापूरचा एकच संघ करावा आणि तो आय-लीग ३ मध्ये न्यावा. कागदावर हे सर्वांत शहाणपणाचे आहे आणि मनाने मी त्याच्याच बाजूचा आहे. शहराच्या नावाने संघ उतरवणे आपल्याला अगदीच नवे नाही. २०१९ मध्ये लुधियान्याला झालेल्या भारतीय महिला लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला होता. आपल्या मुलींचा फुटबॉल राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचला त्या वेळी गॅलरीतल्या किती जणांना ते ठाऊक होते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आणि खाली मान घातली. पुरुषांच्या एकत्र संघाची अडचण मात्र पैशाची नाही. त्याच्या जर्सीचा रंग कोणता, कर्णधार कोणत्या पेठेचा, राखीव खेळाडूंत कोण बसणार, या प्रश्नांवर तो संघ पहिल्या बैठकीतच मोडेल, अशी मला भीती वाटते. म्हणून तो एकदम वरिष्ठ संघ म्हणून करू नये. सतरा वर्षांखालच्या मुलांचा करावा. त्या वयाच्या मुलांना पेठ कळत असली, तरी वैर अजून पुरते कळलेले नसते, आणि चार वर्षे एकत्र खेळलेली मुले एकवीस वर्षांची होतील तेव्हा शहराचा वरिष्ठ संघ आपोआप तयार असेल. त्या संघाला राज्याच्या लीगमध्ये उतरवावे. तिथे तो दोन-तीन हंगाम टिकला, तर आय-लीग ३ चा विषय काढावा. हा हिशेब सात-आठ वर्षांचा होतो आणि निवडणुका पाच वर्षांनी येतात, हे मला समजते.

राहिला आमच्या संघाचा प्रश्न. चहाच्या गाड्यावर मला शेवटी कोंडीत पकडून विचारले गेले, की "मग काका, आपली पायरी कुठली ते एकदाचं सांगा." मी सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे पुढे कोणी शब्द फिरवायला नको. आमच्या संघाची पायरी केएसएच्या वरिष्ठ गटातील वरचे आठ ही आहे. तिथे सलग पाच हंगाम राहणे, मैदानावर उतरणाऱ्या अकरांपैकी किमान सात जण आमच्याच पेठेत वाढलेले असणे आणि मंडळाचा फुटबॉलचा हिशेब गणपतीच्या हिशेबापासून वेगळा लिहून दरवर्षी फलकावर लावणे, एवढी आमची आकांक्षा असावी. राज्याची लीग हे त्यापुढचे स्वप्न. हे ऐकून एक पोरगा म्हणाला, "काका, हे फारच कमी झालं." त्याला मी एवढेच विचारले, की या तीनपैकी आज आपल्याकडे काय आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, की तेरा वर्षांखालच्या पोरांना रविवारी सकाळी तो स्वतः शिकवायला तयार आहे, पण मंडळाने चेंडू द्यावेत. चेंडू मी देतो म्हणालो आहे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. वरिष्ठ सामन्यांचे वृत्त आपण फोटोसह, गोल करणाऱ्यांच्या नावांसह आणि मिनिटासह छापता, त्याबद्दल आम्ही सर्व प्रेक्षक आभारी आहोत. कोल्हापूरच्या बाहेर कुठे जिल्ह्याच्या लीगला एवढी जागा मिळत असेल, असे मला वाटत नाही. त्याच पानाच्या तळाशी मुलांच्या वयोगटातील सामन्यांचे निकाल दोन ओळींत का होईना, पण रोज छापावेत, आणि त्यात तालमीच्या नावाबरोबर गोल करणाऱ्या मुलाचेही नाव असावे. आमच्या पेठेत सकाळी पेपर आला, की पहिल्यांदा शेवटून दुसरे पान उघडले जाते.

आपला,
गॅलरीतील एक जुना प्रेक्षक,
कोल्हापूर